मामांची कानस आणि आईचा फोटो

माझ्या मामांनी एक चांगला चालू कॅमेरा कानशीने घासून बिघडवला होता.

आज त्यांची पुण्यतिथी आहे, आणि मी त्यांचे आभार मानायला बसले आहे. टाईप नातू करतोय. चुका त्याच्या, आठवणी माझ्या.

मामांचं मेहकरला घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. आम्ही सुलतानपूरला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठी लढाई चालू होती, म्हणजे मी किती म्हातारी आहे ते समजून घ्या.

मी पाच वर्षांची होते. आईला क्षय झाला होता.

पुढचं थोडं मला आठवतं, बाकी मामांनीच नंतर कितीतरी वेळा सांगितलं.

आई एक दिवस त्यांना म्हणाली, "दादा, पोरीले माहं तोंड याद राहणार नाही. एक फोटो काढून ठेव."

मामांकडे एक सेकंडहँड बॉक्स कॅमेरा होता. काळा डबा, पुढे एकच भिंग, आणि त्या भिंगापुढे पितळेची पातळ पट्टी. पट्टीला वाटाण्याएवढा छेद. उजेड आत जायचा तो तेवढ्यातूनच.

नातू म्हणतो, आजी, त्याला अपर्चर म्हणतात. म्हणत असतील.

उन्हात त्या डब्याने झकास फोटो निघायचे. पण आमच्या घरात गोषा होता. सुना दिवसाउजेडी अंगणात येत नसत. फोटो माजघरातच काढायचा, आणि माजघरात दुपारीसुद्धा दिवा लागायचा.

एवढ्या कमी उजेडात दहा आकडे मोजेपर्यंत भिंग उघडं ठेवावं लागणार होतं. आणि आईला दहा मोजेपर्यंत खोकला थांबवता येत नव्हता.

मग मामांच्या डोक्यातला घड्याळजी जागा झाला.

छेद लहान आहे ना, मग मोठा करू. उजेड जास्त येईल, दोन-तीन आकड्यांत काम होईल. त्यांनी पट्टी काढली, बारीक कानस घेतली आणि छेद घासत घासत पार भिंगाच्या कडेपर्यंत नेला. घड्याळाचं भोक असंच तर मोठं करतात. कंपनीला हे कसं सुचलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं होतं म्हणे.

अख्खा रोल आईवर संपवला. धुवायला अकोल्याला पाठवला.

पंधरा दिवसांनी फोटो आले. आठही फोटोंत आई दह्यासारखी फुटलेली. नाक-डोळ्यांचा पत्ता नाही.

मामा ते फोटो घेऊन आमच्या ओसरीवर बसून राहिले. त्या पंधरा दिवसांत आई अंथरुणाला खिळली होती. उठून बसायलाही तिला हात द्यावा लागे.

मामा माझ्या वडिलांना म्हणाले, "भिंग मधातच सुदं हाय, पाहुणे. कडेनं येणारा उजेड ते भलतीकडंच नेऊन टाकते. म्हणून कंपनीवाल्याईनं छेद लहान ठेवला होता. मी सोताले लय शहाणा समजलो."

एकाच भिंगाला तेवढंच झेपतं. मोठा छेद हवा असेल तर तीन-चार भिंगं एकमेकांना सांभाळून बसवावी लागतात, तसे कॅमेरे साहेबलोकांकडे. हे मामांना पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळलं की छेद पुन्हा लहान करायचा आणि उजेड दुसरीकडून आणायचा.

त्यांनी मोडक्या गजराच्या घड्याळाचा पत्रा कापून नवी पट्टी केली. लढाईच्या दिवसांत दुसरा रोल मिळवायला किती जणांच्या पाया पडले, ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही.

मग ते आमच्या आजोबांपुढे उभे राहिले. म्हणाले, आबाजी, पाच मिनिटं बाईला अंगणात येऊ द्या.

आबाजी म्हणजे करडा माणूस. घरात त्यांच्यापुढे मांजरसुद्धा जपून चालायचं.

त्यांनी एकदा छपराकडे बघितलं. मग म्हणाले, "सून अंगणात येणार नाही. उजेडच पाहिजे न तुमाले? मंग कवेलू काढा."

आणि स्वतः शिडी लावून छपरावर चढले.

माजघरावरची कवेलू, म्हणजे कौलं, त्यांनी एकेक करून काढली आणि खाली वडिलांच्या हातात दिली. घरात आभाळ उतरलं. कोपऱ्यातली जाळीसुद्धा दिसायला लागली, आणि आईला त्याचीच लाज वाटली.

तिला भिंतीशी टेकवून बसवलं. मला शेजारी. कॅमेरा धान्याच्या कोठीवर.

मामा म्हणाले, फक्त तीनपर्यंत.

आईने खोकला गिळला. तिची बोटं माझ्या दंडात रुतली होती, एवढं मला पक्कं आठवतं.

आणि मी काय केलं, तर दोनवर मान वर करून छपरातलं आभाळ बघितलं. तीन झाले आणि आईला अशी उबळ आली की दुसऱ्या फोटोसाठी तिला पुन्हा बसवता आलं नाही.

दिवाळी आई बघू शकली नाही. फोटो मात्र तिने बघितला. स्वतःकडे बघून म्हणाली, बरी आहे की मी.

त्या फोटोत आईची एकेक पापणी मोजता येते. तिच्या शेजारी नुसता धूर आहे, तो धूर म्हणजे मी.

मामांना याची आयुष्यभर खंत. मी माहेरी गेले की फोटो हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "तुहं तोंड गेलं वं बाई."

एकदा, माझीच पोरं मोठी झाल्यावर, मी त्यांना म्हटलं, "मामा, माहं तोंड मले आरशात दिसते. मायचं कुठं दिसलं असतं?"

त्यानंतर ते वाक्य त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही.

फोटो खाली टाकला आहे.

मामा, मला आई दिसते. तुमच्या भाचीचा मनापासून नमस्कार.