वाघाचा खुराक

"खाऊ घातलास? माझा डोंगऱ्या तू तुझ्या वाघाला खाऊ घातलास?"

"ओरडू नको. लोक बघून राहिले."

"बघू दे! विचारलंस का मला? एकदा तरी?"

"विचारलं असतं तर हो म्हणली असतीस का?"

"कशाला म्हणेन!"

"मग? म्हणूनच न्हाई विचारलं."

लातूरच्या मंगल कार्यालयाच्या दारात, चपलांच्या ढिगाऱ्याशेजारी, मनतशा फोन धरून उभी होती. आत 'दैत्यदंगल' या मोबाइलवरच्या खेळाच्या स्पर्धेसाठी जोड्यांची नावं पुकारत होते. ती पुन्हा पुन्हा पडद्यावर अंगठा फिरवत होती, जणू घासून घासून डोंगऱ्या कुठूनतरी बाहेर येईल. पाठीवर शेवाळ असलेला तिचा दगडी डोंगऱ्या ज्या चौकटीत बसायचा, तिथं आता लाल आयाळीचा कुठलासा कुत्रा जीभ काढून बसला होता. आणि तिचा जोडीदार सत्यम याच्या आगवाघाखाली चकचकीत अक्षरांत लिहून आलं होतं: खुराक, डोंगऱ्या.

या खेळात एका दैत्याला दुसऱ्याचा खुराक करता येतो. ज्याचा खुराक झाला तो परत येत नाही. सगळेच करतात. पण खुराक करायचा तो वाटेत सापडलेल्या उंदराचा, बेडकाचा. हातानं वाढवलेल्याचा कुणी करत नाही.

"अगं, वाघाची ताकद तर बघ," सत्यम म्हणाला. "लई वाढली. तुझा दगड नुसता बसून मार खायचा. दंगल मारून जिंकतात."

"नांदेडची फेरी कशानं जिंकलो आपण?"

"वाघानं."

"वाघ शेवटी आला रे! तोवर समोरच्याचा सगळा दम डोंगऱ्यानं काढला होता. अर्धमेल्यांना मारलंस तू. फोटो मात्र तुझा निघाला."

"फोटोचं दुखून राहिलंय व्हय तुला?"

मनतशाला त्या क्षणी त्याच्या तोंडावर चप्पल फेकावीशी वाटली. चपला हाताशीच होत्या.

नांदेडच्या गुलाम रसूल गादीवाल्यांची ही मुलगी. बी.कॉम. झाली, नोकरीसाठी चार ठिकाणी जाऊन आली आणि अब्बांच्या दुकानात गाद्यांना टाके मारू लागली. फोन कापसाच्या गठ्ठ्याला टेकवलेला असायचा. एक टाका, एक टिचकी. उमरीचा सत्यम क्लाससाठी नांदेडला खोली करून राहिलेला. तो गादी घ्यायला आला आणि त्या फोनकडे बघतच राहिला. "तुम्ही पण खेळता?" झालं, जोडी जमली. दोघांनी मिळून एकच खातं काढलं. खातं एक असलं की भराभर वर चढता येतं, नांदेडची पोरं तसंच करतात. खात्याला मोबाइल नंबर कुणाचा द्यायचा, एवढाच प्रश्न होता; ज्याचा नंबर, खातं त्याच्या ताब्यात, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं नाही. "माझाच टाकू," सत्यम म्हणाला होता. "उगं मुलीचा नंबर कुठं फिरायला नको." अब्बांना हे फारच आवडलं. "लडका समझदार है," ते म्हणाले. तिलाही तसंच वाटलं होतं, याचाच आज तिला सगळ्यात जास्त संताप येत होता.

डोंगऱ्यासारखा दैत्य वाढवायला कुणी बसत नाही. त्याचं कवच जाड व्हायचं तर त्याला रोज भारी दैत्यांपुढं उभा करायचा, मार खाऊ द्यायचा, हरू द्यायचा, मलमपट्टी करायची आणि पुन्हा उभा करायचा. मनतशानं पावसाळा, हिवाळा, उन्हाळा हेच केलं. अब्बा चष्म्यावरून बघत विचारायचे, "लोगां मारना सिखाते, तू मार खाना सिखा रई? मारेगा कब ये?"

"सामनेवाला थकेगा तब, अब्बा."

"और नई थका तो?"

"थकताच हे."

आतून त्यांचं नाव पुकारलं.

"चल," सत्यम म्हणाला. "टीम लॉक झाली. आता काय बदलता येत न्हाई. भांडण नांदेडला गेल्यावर कर."

ती आत गेली. त्याच्यासाठी नाही. तो वाघ काय दिवे लावतो, ते तिला बघायचं होतं.

पहिली दंगल वाघानं बघता बघता मारली. सत्यमनं मांडीवर थाप मारली. "बघितलंस?"

दुसऱ्या दंगलीला समोर उदगीरचा विरूपाक्ष होता. कपाळाला भस्म लावलेला, हसऱ्या तोंडाचा. त्यानं पहिल्याच डावाला एक जाडजूड कासव काढलं. वाघानं झेप घेतली, कासवानं मान आत घेतली. वाघानं आग ओकली, कासव पाण्यात बसलं. प्रत्येक झेपेला वाघाच्या दमाची पट्टी बोटभर उतरत होती.

"वाघ मागं घे," मनतशा दबक्या आवाजात म्हणाली.

"गप."

"तुझा दम काढून राहिलाय तो. आपण हेच करायचो. मागं घे म्हणते ना!"

"मागं घेऊन पुढं कुणाला घालू?" सत्यम तिच्यावर खेकसला. "मार खायला हाय कोण आपल्याकडं?"

म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. मनतशा त्याच्याकडे बघत राहिली. त्याची मात्र मान वर झाली नाही. तेवढ्यात वाघाची पट्टी संपली. कासवानं सावकाश मान बाहेर काढली आणि वाघाला नुसतं ढकललं. बाकीचे दैत्य मग ओळीनं पडले.

विरूपाक्ष उठून त्यांच्याकडे आला. "ताई, तो दगडवाला तुमचाच ना? नांदेडची फेरी बघितली होती मी फोनवर. त्याच्यासाठी खास विषारी साप वाढवला हो, घरचे म्हणाले येडा झाला. अन् आज त्याला बाहेर काढायची पाळीच आली न्हाई. कुठं हाय तो?"

मनतशानं सत्यमकडे बघितलं. म्हणजे, सांग.

"टीममध्ये बदल केला," सत्यम म्हणाला. "कमजोर होता तो."

"कमजोर?" विरूपाक्ष हसला. "मंग आमचं नशीबच म्हणायचं."

दोघं बाहेर चपलांपाशी आले. सत्यमनं आधी कासवाला शिव्या घातल्या, मग नेटवर्कला, मग तिला. "तू पण तोंड पाडून बसलीस. तुझे दैत्य मन लावून खेळवले असतेस तर..."

मनतशा वाकून चपला शोधत होती. एक सापडली.

"बरं, झालं ते झालं," त्याचा आवाज एकदम मऊ झाला. "पुढची स्पर्धा लांब हाय. दुसरा डोंगऱ्या वाढव. त्याचं अंडं मी मिळवून देतो, ते माझ्याकडं लागलं. तुला जमतंय गं ते. माझ्याच्यानं न्हाई होत एवढं बसून. तू तर दुकानात बसूनच असतीस."

दुसरी चप्पल त्याच्या बुटाखाली होती. तिनं ओढली. त्याला कळेना. तिनं पुन्हा हिसका दिला, तसा त्यानं पाय उचलला.

"खातं तर हायच आपलं. काय म्हणतेस?"

तिनं चप्पल झटकली. पायात घातली. ओढणी खांद्यावर घट्ट ओढून घेतली.

"अगं, बोल की! मनतशा! दोघांला एकाच बसनं जायचंय की नांदेडला!"

ती फाटकातून बाहेर पडली आणि बसस्टँडच्या रस्त्याला लागली.