मऊ माती

"आठे नको, मुकादम. तठे." चाचा एवढंच म्हणायचा आणि पायाची टाच जमिनीवर दोनदा आपटायचा. मी दोरी ताणून, खुंट्या ठोकून आखलेल्या ओळीपासून ती जागा हमखास तीन-चार हात बाजूला असायची.

ज्याचं नेहमी बरोबरच येतं असा एखादा तुमच्याही गावात असेल. त्याच्यासोबत काम करून पाहा, मग कळेल किती राग येतो ते.

नगरपालिकेनं टेकडीच्या उतारावरचं जुनं, बंद पडलेलं कबरस्तान जमातीच्या वडीलधाऱ्यांना विचारून बागेसाठी घेतलं, तेव्हा मला मुकादम नेमलं. मी धुळ्याच्या सरकारी रोपवाटिकेत शिकलेला. तो पूर्वी या टेकडीवरच कबरी खणायचा. आता पखालीनं पाणी घालायला ठेवला होता. सारं गाव त्याला चाचा म्हणे.

पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या सरळ ओळीतली निम्मी झाडं वाळली. त्यानं वाकडीतिकडी लावलेली सगळी जगली. लोक टेकडी चढून आले की मला डावलून विचारत, "चाचा कोठे शे?" माझी बायकोसुद्धा माझ्या भाकरीबरोबर त्याच्यासाठी वेगळी चटणी बांधून देई. मी जळायचो. आता या वयात सांगायला लाज कसली?

"खड्ड्यात टाकता तरी काय हो?" एकदा मी विचारलंच.

"काही नही. सारा मुरूम शे आठे. जठे मी खंदेल शे, तठेच माती मऊ शे."

म्हणजे शिक्षण माझं आणि टेकडी त्याची. हे कळल्यावर तर मी जास्तच जळू लागलो.

वरच्या वळणावर एक जागा होती. तिथं तो काही लावत नसे, नुसती झाडून ठेवी. तो लग्नासाठी शहाद्याला गेला असताना मी तिथं पहार घातली. लोण्यात जावी तशी गेली. सगळ्यात चांगली माती म्हाताऱ्यानं माझ्यापासून लपवून ठेवली, असं मला वाटलं. त्याच दिवशी मी तिथं बकुळ लावली.

परत आल्यावर तो रोपासमोर येऊन थांबला. टाच आपटली नाही.

"माती तर मऊ आहे," मी म्हणालो. "मग इथं का नाही लावलंत कधी?"

"मन्ही पोर शे आठे," तो म्हणाला. "चार वरीसनी व्हती."

मी खाली बसून रोप उपटायला गेलो. त्यानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ द्या. आते रुजेल शे ते. पानी मी टाकसू."

पुढं सात-आठ वर्षं त्यानं त्या झाडाला दुसऱ्या कुणाला पाणी घालू दिलं नाही. कुणी कौतुक केलं तर म्हणायचा, "मुकादमनी लायेल शे." खरं तर मला हेच हवं होतं. पण दुपारी तो त्या झाडाला टेकून हळू आवाजात काहीतरी बोलत बसे, आणि मला पुन्हा हेवा वाटे. लावलं मी, झाड मात्र त्याचंच झालं. मी लांबून बघत बिडी ओढायचो.

तो गेला तेव्हा बकुळीजवळ त्याला जागा द्या म्हणून मी नगराध्यक्षांकडे गेलो होतो. "बागेत आता कसं पुरणार, मुकादम?" ते म्हणाले. त्याला नदीपलीकडच्या नव्या कबरस्तानात पुरलं. मयतीहून मी तसाच टेकडी चढलो. दोन बायका बकुळीची फुलं वेचत होत्या.

"झाड झ्याक लायं, मुकादम," त्यातली एक म्हणाली. "इतली चांगली जागा कशी सापडनी तुमले?"

मी चाचाची पखाल उचलली आणि पाणी भरायला खाली उतरलो.