विमान जाऊ दे

विमानतळाच्या कुंपणाआत राहिलेलं आमच्या गावदेवीचं देऊळ बाहेर, नव्या जागी हलवायचं होतं. त्यासाठी आधी देवीचा कौल हवा. गुरवकाकांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार. तेवढ्यात धावपट्टीवर विमान गरजू लागलं. काकांनी झटकन फुलांवर तळवे ठेवले.

"विमान जाऊ दे. त्याच्या हादऱ्यानं पडलं तर तिचं म्हणणं कसं कळणार?"

सारखे घड्याळ बघणारे विमानतळाचे साहेबही हात जोडून थांबले. आवाज विरला, काकांनी हात काढले. बऱ्याच वेळानं उजवं फूल अलगद पडलं.

आमची शेतं घेताना कुणी विचारलं नव्हतं. निदान तिला तरी विचारलं, आणि उत्तर येईपर्यंत सगळे थांबले. त्याचंच मला दिवसभर बरं वाटत राहिलं.