पणजोबाचा कान

बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर धारवालीच्या बापाच्या गळ्यात बर्फवाल्यांनी बर्फ फोडायचा टोचा घुसवला, तेव्हा ती चौदा वर्षांची होती. बर्फावर पडलेलं रक्त पसरत नाही, आत आत उतरत जातं, हे तिनं त्या दिवशी पाहिलं. त्याआधी धारवाल्यांनी बर्फवाल्यांचे दोन भाऊ कापले होते. त्याच्याही आधी बर्फवाल्यांनी तिच्या चुलत आजोबाला बर्फाच्या लादीखाली चेचून मारलं होतं. आणि सगळ्याच्या मुळाशी होता पणजोबाचा कान. बर्फवाल्यांच्या पणजोबानं तो भर बाजारात कापून कुत्र्याला घातला, असं घरात सांगत. त्या घरातल्या पोरांना बाळसं नंतर चढे, वैर आधी.

आता तिनं पन्नाशी ओलांडली होती. मटणबाजाराच्या तोंडाशी, पणजोबाच्याच लाकडी घोड्यावर, पायानं चाक फिरवत ती सुरे आणि सत्तूर पाजळायची. तिनं धार लावलेल्या सुऱ्याखाली हाडालासुद्धा आपण कापले गेल्याचा पत्ता लागत नाही, असं कसाई म्हणत. रोज सकाळी ती चाकाच्या दगडावर लाकडी दांडा वाजवून पाही. खणखणीत वाजला तरच चाक सुरू. ही शिस्त पणजोबानं घालून दिलेली. दुसरी शिस्त याहून जुनी: पातं कशासाठी हवंय, हे धार लावणाऱ्यानं विचारायचं नाही.

शाळा चार इयत्तांची, पण वाचायची भूक दांडगी. बंद पडलेल्या ग्रंथालयाचा म्हातारा शिपाई कागद कापायची सुरी घेऊन यायचा. त्यानं एकदा तिच्या मोबाइलवर पुस्तकांची एक जागा उघडून दिली. इतिहास, संस्कृती, समाज, अशी फडताळं लावलेली. हवं ते उतरवून घ्या, फुकट.

"फुकट म्हणजे चोरीचंच असणार," ती म्हणाली.

"चोरीचं नाही, बाई. लिहिणारे मरून जमाना झाला. जे कुणाचंच उरलं नाही, ते सगळ्यांचं."

"म्हणजे मेल्यावर माणूस उदार होतो."

"सगळेच नाही. माझा सासरा नाही झाला."

तेव्हापासून गिऱ्हाईक नसलं की ती वाचत बसे. वेढे, कत्तली, जाळलेली गावं. काचेवर दगडाची पूड साचे, ती पदरानं पुसे आणि पुढची माणसं मरत. लाख मुडदे पडायचे आणि सुरुवात कशावरून झाली ते तळटीपेत, बारीक अक्षरात. म्हणून ती तळटिपा आधी वाचायला शिकली.

एका दुपारी तिला बाजारपेठांवरचं पुस्तक सापडलं. कुणा पाहणीवाल्यानं शंभर वर्षांपूर्वी गावोगाव फिरून लिहिलेलं. दोनशे बाराव्या पानावर फोटो होता. चाकाच्या घोड्यावर पाय टेकून एक माणूस उभा. घोड्याच्या पुढच्या पायाला लोखंडी पट्टी, तिला तीन खिळे, मधला वाकडा. तिनं मान वळवून आपल्या घोड्याकडे पाहिलं. तीन खिळे, मधला वाकडा.

माणसाला उजवा कान नव्हता. खाली लिहिलं होतं: 'तडा गेलेला दगड घाईने फिरविला, तो फुटून कान गेला, असे हा कारागीर सांगतो. घरी मात्र निराळे सांगितले आहे, असेही हसत म्हणाला.'

 तडकलेला दगड फिरवणारा धारवाला म्हणजे बाजारात हसं. कान गेला ते त्याला चाललं, नाव गेलेलं चाललं नसतं. परक्या माणसाला खरं सांगून तो मोकळा झाला, आणि घरच्यांच्या पदरात चार मुडदे बांधून गेला. दगड वाजवून पाहायची शिस्त त्यानं का घातली, तेही तिला तेव्हाच उमगलं.

तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ आला. परवाच बर्फवाल्यांच्या थोरल्यानं लादी ओढायच्या आकड्यानं त्याची तीन बोटं ठेचली होती. धड हातानं त्यानं हातभर लांब सुरा घोड्यावर ठेवला.

"वस्तऱ्यासारखी लाव, ताई."

तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. त्यानं ओठ हलवत वाचलं. खाली वाकून खिळा पाहिला.

"म्हणजे कान आपल्याच दगडानं नेला."

"हो."

"आणि बाबांचा गळा? तोही दगडानंच का?"

 ह्याची तळटीप कुठल्याच फडताळात नव्हती.

"लावतेस की फरशीवर घासून घेऊ?"

तिनं सुरा उचलला. दगडावर पाणी ठिबकवणारा डबा पायानं बाजूला सारला आणि कोरडं चाक जोरात फिरवलं. ठिणग्या उडाल्या. धार पिवळी झाली, तपकिरी झाली, मग निळी. पातं निळं पडलं की त्याचं पाणी गेलं. वर धार, आत मेण. त्या घराण्यात असं पाप कुणी केलं नव्हतं. भावाची नजर कारखान्याच्या रस्त्यावर होती. तिनं निळा रंग घासून काढला. त्यानं मनगटावरचा केस उडवून पाहिला आणि गेला.

कारखान्याच्या दारात पहिला वार थोरल्याच्या खांद्याच्या हाडावर बसला आणि धार पानासारखी दुमडली. दुसऱ्यानं छातीवरचं कातडं फाटलं. तिसऱ्याला सुराच वाकला. थोरल्यानं टोचा त्याच्या मांडीत हाडापर्यंत रुतवला आणि उपसून मानेवर उगारला, तेवढ्यात हमालांनी दोघांना पाय धरून वेगळं ओढलं. लाल पाण्यात दोघेही शिव्या देत पडले होते. ती धावत पोचली तेव्हा शिव्या ऐकून रडली. मेलेला माणूस शिव्या देत नाही.

दवाखान्यात भावानं तोंड भिंतीकडे केलं.

"पातं जाळलंस."

"जाळलं. चुकून नाही, जाणून."

हेच तिनं बाजारात विचारील त्याला सांगितलं. कसायांनी सत्तूर दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. "आमचंही जाळशील, बाई," म्हणत. तिनं दोनशे बारावं पान छापून घेऊन घोड्याला चिकटवलं. एके दिवशी गळ्यात हात अडकवलेला बर्फवाल्यांचा थोरला येऊन उभा राहिला. त्यानं ते दोनदा वाचलं.

"आमच्या घरात तर सांगतात, कान आमच्याच पणजोबानं कापला म्हणून," तो म्हणाला. "मोठ्या तोऱ्यात सांगतात." घरातली एखादी वस्तू चोरीला गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. तसाच तो निघून गेला.

तीन महिन्यांनी भाऊ लंगडत आला. वाकडा सुरा पुढे केला.

"सरळ होईल?"

"कशासाठी?"

सगळ्या जन्मात हे तिनं पहिल्यांदाच कुणाला विचारलं होतं. त्यानं वाकलेल्या टोकाकडे पाहिलं.

"घरात कांदे चिरायला सुरी नाही."

"कांद्याला हातभर पातं लागत नाही."

 तिनं पुढचं पातं कापून टाकलं. दांड्यानं दगड वाजवला, कान देऊन ऐकला. पाण्याचा डबा जागेवर ओढला आणि जळलेलं लोखंड झिजवत राहिली, खालचं चांगलं लागेपर्यंत. वीतभर पातं उरलं. त्यानं धड हाताच्या अंगठ्यानं धार पाहिली.

"बरी आहे," तो म्हणाला, आणि ठेचलेला हात मांडीवर घेऊन तिथंच टेकला.