पट्टा लावलेली रिकामी सीट

या, जरा जवळ सरकून बसा. आणि आधीच सांगते, अर्धंमुर्धं वाचून खाली "आजी, तुम्हाला डुलकी लागली असेल" असं लिहू नका हं... ते ऐकून कान किटलेत माझे. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही नाही. राग मात्र आहे!

आम्ही जयपूरला, जवाहर नगरात राहतो. ह्यांची बँकेतली बदली झाली नि इथलेच होऊन गेलो. मुलगा मंदार जवळच्या बगरू गावाहून छापील चादरी आणून दुकानांना पोचवतो. चार टेम्पो आहेत. प्रत्येकात जीपीएस आणि आत बघणारा कॅमेरा. गाडी थांबली, ड्रायव्हरचे डोळे मिटले, की लगेच मंदारच्या मोबाईलवर फोटो!

गेल्या हिवाळ्यात मी चादरी निवडायला बगरूला गेले आणि दुपारी आमच्या एका ड्रायव्हरच्या, भंवरजींच्या टेम्पोतून परत निघाले. पुढे, त्यांच्या शेजारी, पट्टा लावून. वाटेत कुठ्ठे म्हणून थांबलो नाही.

घरी येतो तर मंदार दारातच उभा.

"भंवरजी, हायवे पे गाडी लगाकर सो रहे थे ना? कल से मत आना."

भंवरजींचा चेहराच उतरला. "साहब, माँजी से पूछ लो. गाडी रुकी ही नहीं."

"अरे, मी शेजारी होते!" मी म्हटलं. "रस्ताभर बोलत होते. माझ्या बडबडीत माणूस झोपेल?"

"आई, तू मध्ये पडू नकोस. स्क्रीन खोटं बोलत नाही."

म्हणजे मी बोलते?! पोटचा पोरगा, आणि विश्वास कुणावर... तर त्या डबीवर!

"दाखव तुझा फोटो."

दाखवला. उभी गाडी, भंवरजी मान टाकून झोपलेले. आणि माझी सीट — रिकामी. पट्टा मात्र लावलेला. सीटला चिकटून नव्हे... कुणाच्या तरी पोटावरून गेल्यासारखा, फुगून, अधांतरी.

मंदारने फोटो मोठा केला. लहान केला. पुन्हा मोठा केला. मग हळूच म्हणाला, "भंवरजी, कल टाइम पे आ जाना."

माफी? छे! ना त्यांची मागितली, ना माझी.

मशीन बसवणारे येऊन तपासून गेले. सगळं ठीक आहे म्हणे. मग मी कुठे होते? आजतागायत कुणी सांगू शकलेलं नाही. भंवरजींची नोकरी वाचली, पण मी टेम्पोकडे वळले की हात जोडतात — "माँजी, आप बस से चलिए ना..." ज्याच्यासाठी भांडले, तोच!

माझं हिंडणं काही आता पूर्वीसारखं राहिलं नाही. तेव्हा तुम्हीच या लवकर, पोहे करते... आणि दार उघडल्यावर मी समोर दिसते ना, तेवढं सांगा.