ड्रॅगनचे दुसरे खांदे

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. एकाच स्टाफरूममध्ये वर्षानुवर्षं चहा प्यायला की ते आपोआप साचतात. ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनच्या आमच्या युनिव्हर्सिटीत माझ्याकडे साचले ते बहुतेक फ्रान्सिसचे. तो वसईचा, अ‍ॅनाटॉमी शिकवायचा. मी पुण्याचा, शेजारच्या खोलीत फिजिऑलॉजी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं आणि पोरांना ड्रॅगनचं वेड लागलं होतं. एकदा लेक्चरआधी कुणीतरी फळ्यावर ड्रॅगन काढून ठेवला. चार पाय, दोन पंख, तोंडातून जाळ. फ्रान्सिसने तो पुसला नाही. तासभर त्याच्यावरच शिकवलं!

"पंख म्हणजे बदललेले पुढचे पायच. वटवाघूळ बघा, पक्षी बघा. पंखही हवेत आणि पुढचे पायही, तर दुसरे खांदे कुठे बसवणार? मसल्स कुठे जाणार?"

मागून एकाने विचारलं, "डॉक, परीक्षेला ड्रॅगन आहे का?"

"नो वरीज, मेट. खांदा आहे!"

आणि खरंच आला.

*

एका रविवारी माझ्याकडे बार्बेक्यू होता. शेगडी आमच्या डेंटिस्ट गोखल्याच्या ताब्यात.

"आग ओकायची तर दात आधी तडकतील," गोखले म्हणाला. "फिलिंग कोण करणार?"

"दातांचं सोड रे, तो श्वास कधी घेणार ते सांग!" फ्रान्सिस.

दोघं इतके रंगले की सॉसेजेसचा कोळसा झाला. माझी बायको म्हणाली, "ड्रॅगन परवडला. त्याचं निदान आगीकडे तोंड असतं!"

*

फ्रान्सिसच्या मुलीचा, मरिनाचा, सातवा वाढदिवस. ती दिवसभर ड्रॅगन काढत बसायची, म्हणून फिलोमिनाने, म्हणजे तिच्या आईने, हिरव्या आयसिंगचा ड्रॅगन केला होता. अर्थात, चार पाय आणि दोन पंख.

फ्रान्सिसने सुरी घेतली, पुढचे दोन्ही पाय कापून बशीत ठेवले. "हं, आता बरोबर! नाहीतर मसल्स कुठे जाणार?"

"अरे, मेणबत्त्या तरी लावू द्यायच्या होत्यास!" फिलोमिना ओरडली.

आम्ही सगळे हसलो. मरिनाने केकला हात लावला नाही.

*

पुढे एकदा चहा घेताना फ्रान्सिस म्हणाला,

"पोरगी मला चित्रं दाखवेनाशी झालीय. मी खोलीत गेलो की कागद उलटा करते."

"तू बघतोस कुठे? तू तपासतोस!" मी म्हणालो.

चहा अर्धाच टाकून तो उठला. त्याला ते लागलं होतं, आणि बोलून मलाही वाईट वाटलं.

*

ईस्टरला आम्ही त्यांच्याकडे जेवायला गेलो. जेवणं झाल्यावर मरिनाने आपणहून एक कागद आणून पपासमोर ठेवला. ड्रॅगनला दोन पाय, दोन पंख. शेजारी पांढऱ्या कोटातला एक माणूस.

फ्रान्सिस खुर्चीतून उठलाच. "अगं, करेक्ट! एकदम करेक्ट! पण या माणसाने काखेत काय धरलंय?"

"पुढचे पाय. यू टुक देम, पपा."

फ्रान्सिस परत खाली बसला. मग तिचीच पेन्सिल घेऊन तो ड्रॅगनला पुढचे पाय काढायला लागला.

मरिना वाकून बघत होती. तिने त्याचा हात धरला.

"नॉट देअर, पपा! मसल्स कुठे जाणार?"