गॉलवेच्या पबमध्ये बेचा पाढा

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या गॉलवेला परत जायचं ते पबसाठीच, हे मी मृणालला आधीच सांगून टाकलं. बायकोपासून काही लपत नाही, शिवाय नवी गाडी लांब काढायला निमित्त हवंच होतं. खरं कारण मात्र वेगळं होतं. १९९९ साली मी तिथून पळून आलो होतो.

तेव्हा मी नागपूरहून नवाकोरा आलेलो. काय ते गॉलवेच्या गल्लीबोळांतले जुने पब! छतापर्यंत सिगारेटचा धूर, कोपऱ्यात फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, काउंटरमागे मालकीण नोराबाई. तिथली एक रीत आहे. ज्याचं गाणं संपलं, त्यानं पुढचा गाणारा ठरवायचा. याला म्हणतात नोबल कॉल, आणि त्याला नाही म्हणायची सोय नाही. टॉमी नावाच्या म्हाताऱ्यानं गाणं संपवून माझ्याकडे बोट केलं. अख्खा पब माझ्याकडे वळला. मला तर एकही गाणं दोन ओळींपुढे येत नाही. मी उठलो, आपण निघताना "येतो हं" म्हणतो तेच इंग्रजीत म्हणालो, "आय ॲम कमिंग," आणि जो सटकलो तो थेट बसस्टँडवर. सात वर्षं ते मनात सलत होतं.

डब्लिनजवळच्या ओंगारहून, म्हणजे आमच्या घरून, गॉलवेला साडेतीन तास धरा. ॲथलोनच्या आसपास थांबून सूप आणि ब्राउन ब्रेड खाऊन घ्या, कारण पुढे रस्ता अरुंद आहे आणि एखाद्या ट्रॅक्टरमागे रांगावं लागतंच. गॉलवेच्या समुद्रकाठच्या सॉल्टहिलला बी अँड बी, म्हणजे घरगुती मुक्काम, माणशी चाळीस युरोत मिळालं, न्याहारीसकट. शाकाहारी म्हटल्यावर मालकिणीनं मश्रूमच मश्रूम वाढले.

माझ्या आवडत्या पबांपैकी एकाचं मोबाइलचं दुकान झालंय, दुसऱ्यात काच आणि स्टील. जीव हळहळला. नोराचा पब मात्र जागेवर होता. सिगारेटबंदीनंतर धूर गेलाय, त्यामुळे भिंती हिरव्या आहेत हे मला पहिल्यांदाच कळलं.

रविवारी संध्याकाळी पाचला आम्ही आत शिरलो आणि नोरा ओरडली, "टॉमी, युअर मॅन बघ! येतो म्हणून गेला होता तो!" युअर मॅन म्हणजे तिकडच्या बोलीत 'तो गडी'.

"पंधरा मिनिटं गाणं थांबवून वाट बघितली तुझी," टॉमी म्हणाला. "आम्हाला वाटलं, बाथरूमला गेलास."

मी ओशाळून सांगितलं की आमच्यात 'जातो' म्हणत नाहीत, कायमचं निघालो तरी 'येतो'च म्हणतात.

"मग आलास ना? ग्रँड! कॉल अजून तुझ्यावरच आहे."

मृणाल कानात पुटपुटली, "आरती सुरू केलीस, तर मी ओंगारला चालत जाईन." झालं, तीच एक आशा होती. मग मला पहिल्यापासून शेवटपर्यंत येतं तरी काय? मी डोळे मिटले आणि पहिलीच्या वर्गातल्या चालीत सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार..." बे पंचे दहाला आवाज मोकळा झाला. बे दाहे वीस चांगलं लांबवलं. टॉमीनं टोपी काढली होती.

"फार दुःखाचं आहे का रे?" त्यानं विचारलं.

"नाही. दोनचा पाढा आहे."

हास्याचा असा स्फोट झाला की ग्लास हलले. "परत! परत!" दुसऱ्या वेळी फिडल साथीला आलं आणि सगळा पब "बे दाहे व्हीश!" म्हणून गर्जला. खरं सांगतो, ऊर भरून आला. मैदान मारलं होतं! आता कॉल माझा. सोडतो की काय, मी मृणालकडे बोट केलं. आणि या बाईनं आरती म्हटली.

सोमवारी घरून आईला फोन लावला. आई माझ्याच शाळेत बाई होती. म्हटलं, "आई, इथल्या पबमध्ये पाढा म्हटला, लोकांनी डोक्यावर घेतलं."

पब वगैरे तिनं कानाआड केलं. "कितीचा?"

"बेचा."

"बेचा? अन् एकोणतीसचा काय झाला रे? एवढा घोकून घेतला होता मी!"

मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एकोणतीसचा म्हटला. एकदाही अडखळलो नाही.

"शाबास," आई म्हणाली. "बस खाली."

आणि मी खरंच बसलो.